कानानं मोजलेली पोरं

सरूबाईला कुणी विचारलं, बाई, तुमचं शिक्षण किती, तर ती म्हणायची, "खिचडीच्या पातेल्याएवढं." आता म्हणजे नक्की किती, ते विचारणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं. वस्तीवरच्या शाळेत एकोणीस वर्षं तिनं खिचडी शिजवली. एका भिंतीपलीकडं पोरं पाढे म्हणायची, अलीकडं ही डाळ धुवायची. ऐकून ऐकून सतरापर्यंतचे पाढे पाठ झाले, पण अक्षर म्हणजे तिच्या लेखी मुंगी. शेवटी चाळिशी उलटल्यावर विहारातल्या संध्याकाळच्या वर्गाला गेली आणि अक्षरओळख करून घेतली. तेव्हापासून वाचनाचं असं वेड लागलं की किराणा बांधून आलेला कागददेखील वाचल्याशिवाय चुलीत जात नसे.

ओझरच्या अलीकडं, कुकडीच्या पाटाला धरून ही वस्ती. पंचवीस-तीस घरं, चहूकडं ऊस. सरूबाईचं घर अगदी कडेचं. नवरा मागंच गेला, मुलगा राजरत्न पुण्यात नोकरीला. घरात ही, तिची शिवणाची पेटी आणि विहाराच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांची ट्रंक. गोधडी शिवावी तर सरूबाईनं. टाका असा बारीक की उंदराचा दात अडकू नये. आणि तोंड? ते मात्र दाभणासारखं. वस्तीत भलेभले तिच्यापुढं चपला काढून बोलायचे.

पहिल्या वर्षी ती शाळेत शिजवायला लागली तेव्हा वस्तीवरची अर्धी पोरं घरून डबा आणायची. खिचडीत काही खोट नव्हती. शिजवणारीच्या घरात बुद्धाची तसबीर होती, एवढीच खोट. सगळ्यांत आधी डबा धाडला होता साळुबाईनं. सरूबाई तेव्हा काही बोलली नाही, पण विसरलीही नाही. आणि यंदा त्याच साळुबाईची सून वृषाली आपली दहा वर्षांची पोर हाताला धरून सरूबाईच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "मावशी, अक्षदाला दिवसभर ठिवून घ्या. तुमच्याबिगर कुणावर भरवसा न्हाई."

भरवसा कसला, भीती होती. त्याचं असं झालं, की डिसेंबरात पाटापलीकडं गवत कापत बसलेली एक बाई बिबट्यानं नेली. बाया म्हणायच्या, उभं माणूस त्याला माणूस दिसतं, वाकलेलं माणूस शेळी दिसतं. आणि दिवस कांद्याच्या लागणीचे! लागण का कुणी उभ्यानं करतं? दिवसभर वाकून, बसून, सरकत सरकत रोप खोचायचं. ग्रामसभा भरली, नाताळाच्या सुट्टीला आणखी आठ दिवस जोडून शाळा बंद ठेवायची ठरलं. पोरं तिला 'बिबट्याची सुट्टी' म्हणायला लागली. पोरांना काय, सुट्टीशी मतलब.

आयांना मात्र घोर. शेतात नेलं तर ऊस, घरी ठेवलं तर घर उघडं. म्हणून चार पोरं सरूबाईकडं आली. सातवीतली वैष्णवी, तिचा भाऊ समर्थ, वृषालीची अक्षदा आणि सहा वर्षांचा शेजारचा ऋषी. सरूबाईनं तिन्ही आयांना दारातच सांगितलं, "सकाळी मोजून घ्येनार, सांजंला मोजून देनार. मधी कुनी न्यायला आलं तरी देनार न्हाई." झालं. दाराला आतून कडी पडली.

आता चार पोरं आठ दिवस घरात कोंडायची म्हणजे काय खेळ आहे? सरूबाईनं नेम घालून दिला. सकाळी शिवण, दुपारी रांधणं, आणि मधे सारा वेळ वाचन. वाचन मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं. ही चुलीशी बसायची मागल्या पडवीत, पोरं मधल्या खोलीत. पाठ वळली तरी आवाज येत राहिला पाहिजे. चौघांनी पाळीपाळीनं एकेक पान वाचायचं, आणि ज्याचं वाचन चालू नसेल त्यानं पान संपलं की "हां" म्हणायचं. वैष्णवी घडाघडा, समर्थ अडखळत, ऋषी चित्रं बघून मनानंच, आणि अक्षदा गोड, थांबून थांबून, प्रत्येक शब्द जिभेवर घोळवून. सरूबाई भाकरी थापता थापता ऐकायची. एक, दोन, तीन, चार. आवाज चार भरले की तिला सुख वाटायचं. डोळे तव्यावर, कान पोरांवर. "मला डोळ्यांची गरज न्हाई," ती चारचौघीत मिरवायची, "मी कानानं मोजती."

शिवायचं तरी काय त्या पोरांनी? तर पट्टे. पूर्वी धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा. कलियुग म्हणा की काय म्हणा, आता तो माणसाच्या गळ्यात आला. बिबट्या मान धरतो, तर मानेलाच काटे पाहिजेत. काही बायांना वनखात्याकडून पट्टे मिळाले होते, ज्यांना नव्हते मिळाले त्यांच्यासाठी सरूबाईनं घरीच मांड मांडली. मोटारसायकलच्या जुन्या टायरची पट्टी, तिच्यातून बाहेर आलेले खिळे, आणि आत मानेला टोचू नये म्हणून गोधडीसारखे जुन्या लुगड्याचे पदर. पोरं कापडं कापायची, सरूबाई दाभणानं टाके घालायची.

पहिल्याच दिवशी समर्थानं अर्धा झालेला पट्टा गळ्यात घातला आणि गुरगुरत ऋषीच्या मागं धावला. सरूबाईनं असा धपाटा घातला की गुरगुरणं जागीच थांबलं. "जिची वस्तू तिनंच आधी अंगाला लावायची! दुसऱ्यानं आधी घातली, की राखन त्याच्याकडं जाती. मग धनिनीच्या कामाची ऱ्हात न्हाई. कळ्ळं?" गोधडीचंही ती तसंच करायची. ज्याची गोधडी त्याच्या अंगावर पहिल्यांदा, तोवर घडी मोडायची नाही. तिच्या आईनं तिला सांगितलं, तिनं पोरांना सांगितलं. पोरं हसली. अक्षदा हसली नाही. तिच्या हातात त्या वेळी आईच्याच पट्ट्याचं कापड होतं.

अक्षदा तशी गप्प पोर. पण एकदा डोक्यात घेतलं की झालं, बाप लेकीला 'मुंगळा' म्हणायचा. बाप सुदर्शन चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी. आई शेतात एकटी. इतर बाया रानात मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायच्या, माणसाची चाहूल असली की तो येत नाही म्हणून. पण आता लोक म्हणायला लागले होते की गाण्यांना तो सरावलाय. "त्याला बी गाणी पाठ झाली असत्याल," असं कुणीतरी हसून म्हणालं, आणि अक्षदाचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी ती सरूबाईच्या मांडीशी येऊन बसली. "मावशी, मी आईला वाचून पाठवू? गाणं न्हाई, बोलणं."

सरूबाईला कल्पना भारी आवडली. राजरत्ननं दिलेल्या मोबाइलवर वैष्णवीनं अक्षदाचं वाचन धरून ठेवलं. गोष्ट होती एका धनगराच्या पोरीची. तिची एक मेंढी हरवते आणि ती डोंगरा-डोंगरांतून हाका मारत फिरते. चांगली वीस मिनिटांची गोष्ट. मधेच अक्षदाला खोकला आला, ऋषी फिस्सकन हसला, आणि ती म्हणाली, "ए ऋष्या, गप ना!" ते तसंच राहिलं. ते वाचन वृषालीच्या मोबाइलवर गेलं आणि त्या दिवसापासून तिच्या कांद्याच्या वाफ्यात बांधावरच्या छोट्या स्पीकरवर पोर दिवसभर वाचत राहिली. संपलं की परत पहिल्यापासून. वृषाली संध्याकाळी न्यायला आली की म्हणायची, "लई आधार वाटतो बगा मावशी. शेजारी बसून बोलती असं वाटतं."

असे सहा दिवस गेले. रोज काही ना काही कानावर यायचं. आज पाटाच्या चिखलात पंजे, काल कुणाचं वासरू. वनखात्यानं लावलेला पिंजरा तसाच उघडा, आतली कोंबडी मजेत दाणे टिपतीय. कुत्री संध्याकाळ व्हायच्या आतच घरात शिरायला बघायची. सरूबाई वरून ताठ होती, पण भाकरी थापताना मधेच हात थांबायचा आणि ती उसाकडं बघत राहायची. ऊस हलायचा. वाऱ्यानंही ऊस हलतोच की.

सातव्या दिवशी सकाळी वृषाली अक्षदाला सोडायला आली तेव्हा घाईत होती. "मावशी, आमच्या वाफ्याला लागून हाये ना, तो ऊस आजच तोडायला घेतलाय. आन् जोडीच्या बाया न्हाई आल्या. मी एकटीच हाये."

ऊस तुटला की त्यातलं जनावर बाहेर पडणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. "आज नको जाऊ," सरूबाई म्हणाली.

"रोप उपटून ठिवलंय, वाळून जाईल. अन् तोडणीवाली मान्सं हायेत की तिथं." एवढं बोलून ती गेली. अक्षदा तिच्या पाठमोऱ्या मानेकडं बघत राहिली. मोकळी मान, त्यावर अंबाड्याची सुटलेली एक बट.

त्या दिवशी अक्षदानं पट्ट्यावरून मान वर केली नाही. बारा वाजता शेवटचा टाका पडला. "मावशी, आता नेऊन देऊ आईला?"

"सांजंला न्यायला येईल तवा तूच तिच्या गळ्यात घाल."

"पन ऊस आत्ता तोडत्यात."

"अक्षदे, दाराभायेर पाय टाकायचा न्हाई. माझी शपथ हाये." सरूबाई म्हणाली. पोर पट्टा कापडात गुंडाळायला लागली. सरूबाईला वाटलं, ऐकलं. खरं तर तिलाही पोरीचं म्हणणं पटलं होतं. आपणच पळत जाऊन देऊन यावं, असं दोनदा मनात आलं. पण चार पोरं टाकून जायचं कसं? शब्द दिला होता ना.

मग अक्षदानं मासवडीचा हट्ट धरला. सुट्टीचा शेवट आलाय, मासवडी पाहिजेच. बाकीच्यांनीही गिल्ला केला. आता मासवडी म्हणजे काही भाजीला फोडणी नव्हे. तीळ-खोबरं भाजा, सारण करा, आणि मग उकळत्या पाण्यात बेसन सोडून घाटायचं. तिथं हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. तेवढा वेळ घराला आग लागली तरी मान वळवायची नाही. ही गोष्ट सरूबाईनंच आठवड्यापूर्वी पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगितली होती.

चार वाजले असतील. तिनं बेसन सोडलं आणि घाटायला घेतलं. मधल्या खोलीत वैष्णवीचं पान झालं, समर्थाचं झालं. मग अक्षदाचा आवाज सुरू झाला. धनगराच्या पोरीची गोष्ट. सरूबाईला बरं वाटलं. सकाळपासून घुम्म झालेली पोर बोलती झाली, आणि वाचतेय तरी किती सुरेख! ऋषी तेवढ्यात उठून पडवीत आला आणि चुलीशी उकिडवा बसून गूळ मागायला लागला. तिनं डाव्या हातानं खडा दिला. ऋषी इथं, वैष्णवी आणि समर्थ आत 'हां' म्हणतायत, अक्षदा वाचतेय. चार. बेसन घट्ट होत आलं होतं.

आत अक्षदाला खोकला आला. आणि ती म्हणाली, "ए ऋष्या, गप ना!"

ऋषी सरूबाईच्या पुढ्यात बसून गूळ चोखत होता.

सरूबाईचा हात थांबला. ती आत आली. मोबाइल उशीवर ठेवलेला, त्यातून अक्षदा वाचत होती. वैष्णवी आणि समर्थ माना खाली घालून बसलेले. "तिनं गळ्याची आन घातली व्हती," वैष्णवी रडायलाच लागली. "पट्टा देऊन लगीच येती म्हनली. दार मीच लावलं."

बाई गं! सरूबाईला काही सुचेना, आणि एका क्षणात सगळं सुचलं. तिनं ऋषीला आत ढकललं, पितळी थाळी आणि उलथनं उचललं, दाराला बाहेरून कडी घातली आणि धावत सुटली. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे दुखरे, पण कुठले गुडघे आणि कुठलं काय! थाळी बडवत, "अक्षदेऽऽ" म्हणून बोंब मारत ती पाटाच्या कडेनं निघाली. घरातला आवाज मागं पडला. थोडं पुढं गेल्यावर लांबून, वृषालीच्या वाफ्यातून, तोच आवाज यायला लागला. धनगराची पोर तिथं मेंढीला हाका मारत होती. मागं घरात अक्षदा वाचत होती, पुढं रानात अक्षदा वाचत होती, आणि मधल्या चारशे पावलांत अक्षदाचा आवाज नव्हता.

पाटाच्या मोरीजवळ तिला चप्पल दिसली. एकच. पलीकडं न तोडलेल्या उसाची पट्टी, तिच्या तोंडाशी दोन-चार ताटं मोडलेली. कुठलंच शहाणं माणूस आत गेलं नसतं. सरूबाई गेली. थाळी बडवत, तोंडाला येईल त्या शिव्या देत, त्या जनावराच्या सात पिढ्या उद्धरत ती उसात घुसली. आत काहीतरी खसफसलं, पिवळं अंग तिच्या डोळ्यांपुढून सरकलं आणि गेलं. मातीत पोर पडली होती. शाळेची पिशवी छातीशी आवळलेली, मानेतून रक्त. डोळे उघडे होते, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

थाळीचा आवाज ऐकून तोडणीची माणसं धावली, पाठोपाठ वृषाली. कुणी जीप आणली. जीपमध्ये अक्षदानं पिशवी आईकडं सरकवली. आत पट्टा होता, कापडात नीट गुंडाळलेला. एक खिळा वाकडा नव्हता, एक टाका निघाला नव्हता. पोरीनं तो पिशवीत घेऊन त्या उसाच्या कडेनं वाट धरली आणि स्वतःच्या गळ्यात घातला नाही. का नाही, ते एकट्या सरूबाईला कळलं. तिथंच जीपच्या फळकुटावर ती कपाळ आपटायला लागली. लोकांना वाटलं, भीतीनं करतेय.

आधी नारायणगावचा दवाखाना, मग पुण्याचा. सव्वीस दिवसांनी पोर जिवंत घरी आली. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा. पण गळ्यातला आवाज गेला तो गेला. श्वासासारखी फुसफुस तेवढी राहिली. पुढं येईल कदाचित, म्हणाले. कदाचितला काय, ते कशालाही लावता येतं.

साळुबाईनं वस्तीत तोंड सोडलं. "कानानं मोजती म्हनं! पोरं काय पाढे हायेत?" जिच्या तोंडाला अख्खी वस्ती टरकायची ती बाई उंबऱ्याआड बसून राहिली. दाभण पेटीत गेलं, ट्रंकेला कुलूप पडलं. एके दिवशी ती वृषालीच्या दारात गेली आणि सगळं सांगून टाकलं. धपाटा, पट्टा, जिची वस्तू तिनंच आधी घालायची ते. "म्या शिकिवलं म्हनून तिनं घातला न्हाई गं. माझ्या शब्दानं झालं."

वृषालीनं गळ्याशी हात नेला. तिच्या गळ्यात तो पट्टा होता. मग म्हणाली, "उसात बी तुमीच शिरला ना मावशी." तेवढंच. माफ केलं की नाही ते सरूबाईला तेव्हा कळलं नाही.

माघ सरता सरता पिंजऱ्यात एक बिबट्या अडकला. तोच की दुसरा, कोण सांगणार? तोडलेला ऊस खोडव्यातून फुटून पुन्हा गुडघ्याएवढा झाला. आणि एका रविवारी वृषाली अक्षदाला घेऊन सरूबाईच्या दारात आली. "घरात बसत न्हाई. वाचायला जायचं म्हन्ती. सकाळी मोजून घ्या, सांजंला मोजून द्या." असं म्हणून ती वळून शेतावर गेली. सरूबाई दाराला धरून उभी राहिली, तिला रडू आवरेना.

आता रविवारी पुन्हा चौघं असतात. वैष्णवी वाचते, समर्थ वाचतो, ऋषीला आता खरंच वाचता येतं. मग अक्षदाचं पान येतं. पहिल्या दिवशी समर्थानं भाबडेपणानं विचारलं, "मोबाइलवरचं लावू का तिचं?" अक्षदानं जोरानं मान हलवली. नको. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, बोट ओळीवर ठेवलं आणि ओठ हलवायला लागली. एकेक शब्द घोळवून, पहिल्यासारखंच. खोलीत चिटपाखराचा आवाज नाही.

मागल्या पडवीत सरूबाई बेसन घाटत होती. आवाज थांबला तशी तिनं कढई खाली उतरवली. गुठळ्या होतील, होऊ देत. पदराला हात पुसत ती आत आली, अक्षदाच्या समोर मांडी घालून बसली आणि पान संपेपर्यंत तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. पान संपलं. बाकीच्या तिघांआधी सरूबाईच म्हणाली, "हां."